प्रतीक्षा यादीत अडकलेली आमची मुले

उमरखेडच्या बाजूचे एक कुणबी गृहस्थ परवा आमच्या कचेरीत येऊन बसले. पाणी झाले, कापसाच्या भावाची चौकशी झाली, मग त्यांनी पिशवीतून कागद काढून एकेक करून टेबलावर मांडले. मुलाचे आधार, रहिवासी दाखला, पाचवीचे प्रगतिपत्रक, आणि आज्याच्या शाळेतील दाखलखारीज रजिस्टराचा उतारा. "साहेब," ते म्हणाले, "पोराचा नंबर वेटिंगमधी होता म्हणते. मंग त्याले बलावलं काहून नाही?"

कितवा नंबर होता, असे आम्ही विचारले. त्यांस ठाऊक नव्हते. नंबर होता हे कोणी सांगितले? गावातल्या एका पोराने मोबाइलात पाहिले होते. शाळेकडून काही आले का? "एक फोन आलता, तवा आमी वावरात होतो. मंग मी लावला त कोनी उचललाच नाही." चार दिवसांनी ते स्वतः भाडे खर्चून त्या निवासी शाळेत गेले. तेथे त्यांस सांगण्यात आले की, जातीचा दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे, केंद्राच्या नमुन्यातला पाहिजे. तो आणावयास ते तहसिलीत गेले. दाखला हाती आला तोवर जागा पुढच्या क्रमांकास गेली होती. त्यांनी विचारले, आता अपील कोणाकडे? उत्तर मिळाले, अपील नसते.

शाळेचे नाव आम्ही मुद्दाम देत नाही. दुसऱ्या बाजूची हकीकत आम्ही ऐकलेली नाही, आणि एखाद्या कारकुनाचा कान धरण्यासाठी हा लेख नाही. आमचे म्हणणे त्या "अपील नसते" या दोन शब्दांविषयी आहे. निवडक शाळांच्या जागा वाटताना मुलाची परीक्षा एक दिवस होते, पण बापाची परीक्षा पुढे तीन महिने चालते. आणि आमची मुले पहिल्या परीक्षेत जितकी गळतात, त्याहून फार वाईट रीतीने दुसऱ्या परीक्षेत गळतात, कारण त्या परीक्षेचा निकाल कोठे लागतच नाही.

ज्या शाळांकडे आज जिल्ह्यातील प्रत्येक हुशार पोराचा बाप आशेने पाहतो, त्यांत पहिली जवाहर नवोदय विद्यालय होय. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या शाळांस रूप दिले. पण त्यापूर्वीच, १९८५-८६ साली, प्रयोग म्हणून देशात दोन शाळा उघडल्या, एक हरियाणात झज्जर येथे व दुसरी आपल्या शेजारी अमरावतीस. तेव्हा वऱ्हाडास ही शाळा परकी नाही. आपल्या जिल्ह्याची शाळा घाटंजी तालुक्यात बेलोरा येथे आहे. सहावीत मूल घेतात, बारावीपर्यंत ठेवतात. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके यांचा भार सरकारवर. नववीपासून काही मुलांकडून विद्यालय विकास निधी म्हणून दरमहा रक्कम घेतात, पण मुली, अनुसूचित जाती-जमातींची मुले व दारिद्र्यरेषेखालील घरची मुले यांस तीही माफ आहे. ज्या घरात खताच्या पोत्याचे पैसे उधारीवर येतात, त्या घरास ही केवढी गोष्ट आहे हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आता जागा किती? ऐंशी. जिल्ह्यात तालुके सोळा. वणी, मारेगाव, झरी-जामणीपासून पुसद, महागाव, उमरखेडपर्यंत सगळ्यांनी समान वाटून घ्यावे म्हटले, तर तालुक्यास पाच. २०११ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची वस्ती सत्तावीस लाखांच्या वर भरली. तेव्हा प्रथमच स्पष्ट सांगतो की, अपिलाने जागा वाढत नाहीत. ऐंशी खाटांच्या ठिकाणी एक्याऐंशीवे मूल झोपवता येत नाही. जो कोणी सांगेल की पैसे द्या, वरून अपील करून जागा काढून देतो, तो तुम्हांस फसवितो आहे. त्यास दारात उभे करू नका. पण जागा थोड्या असल्या म्हणूनच त्या कोणास, कोणत्या क्रमाने, कोणत्या कारणाने गेल्या हे उघड असावयास पाहिजे. विहिरीस पाणी भरपूर असते तेव्हा पाळीवरून भांडणे होत नाहीत. पाणी आटते तेव्हाच पाळी कोणाची हे चारचौघांत ठरावे लागते, आणि ज्याची पाळी चुकली त्यास कोठे तरी बोलावयास जागा लागते.

परीक्षेचे स्वरूप असे. दोन तास, ऐंशी प्रश्न, शंभर गुण. बुद्धिमत्तेचे चाळीस प्रश्न, गणिताचे वीस, भाषेचे वीस. मराठीतून देता येते. उत्तर लिहावयाचे नसते, छापील पत्रिकेवरील गोल शाईने भरावयाचा असतो, आणि एकदा भरलेला खोडता येत नाही. शहरातल्या शिकवणीत मुले असे शेकडो गोल भरून बसलेली असतात. आमच्या पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या मुलास कित्येकदा तो कागद परीक्षेच्या दिवशीच प्रथम दिसतो. संधी एकच, परीक्षा पुन्हा देता येत नाही. आणि निकाल लागल्यावर, गणकयंत्राने सर्व काळजी घेऊन काढला आहे म्हणून, गुणांची फेरमोजणी नाही. असा नियम माहितीपत्रकात छापलेलाच असतो.

गणकयंत्र चुकत नाही असे धरले, तरी मुलाचा बैठक क्रमांक भरणारा मनुष्य असतो, प्रवर्गाचा रकाना भरणारा मनुष्य असतो. अर्ज भरतो तो बहुधा गावातला नेट-केंद्रवाला, घाईत, मागे आणखी पाच जण उभे असताना. त्याने 'ग्रामीण'ऐवजी 'शहरी'वर बोट ठेवले, तर ते मूल निदान तीन चतुर्थांश ग्रामीण जागांतून उठून शहरी मुलांच्या रांगेत जाऊन बसते, आणि बापास कळतही नाही. हा रकाना हलका नव्हे. ग्रामीण म्हणून गणले जावयास तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण खेड्यातल्या शाळेत गेलेली असली पाहिजेत. या काळात एक दिवस जरी शहरातल्या शाळेत नाव असेल, तरी मूल शहरी ठरते. चांगले शिकावे म्हणून चौथीत पोराला मामाकडे पुसदला ठेवले, दोन महिन्यांत करमेना म्हणून परत आणले, आणि तेवढ्यात त्याचा ग्रामीण हक्क गेला, हे किती बापांस ठाऊक असते? शिवाय पाचवीचे वर्ष याच जिल्ह्यातील शाळेत पुरे झाले पाहिजे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर परजिल्ह्यात गेलेल्या घरची मुले येथेच गळतात. त्यांची नावे कोणत्याच यादीत येत नाहीत, प्रतीक्षेच्याही नाही.

फेरतपासणी देताच येत नाही, असे कोणी म्हणेल, तर त्याने शेजारी पाहावे. सैनिक शाळांची सहावीची प्रवेश परीक्षा २०२१ पासून राष्ट्रीय चाचणी संस्था घेत आली आहे. तेथे उत्तरसूची आधी प्रसिद्ध होते, मुलाने भरलेल्या पत्रिकेचे चित्र दाखविले जाते, आणि ठराविक शुल्क भरून प्रश्नागणिक हरकत घेता येते. आमच्या शेजारच्या चंद्रपूरच्या सैनिक शाळेस जाणाऱ्या मुलास ही सोय आहे. राज्याच्या शिष्यवृत्ती परीक्षेतही तात्पुरती उत्तरसूची निघते, हरकती मागवितात, गुणपडताळणीचा अर्ज घेतात. वय तेच, गोल तेच, यंत्रही तसेच. मग एका दारात हरकत चालते व दुसऱ्या दारात चालत नाही, याचे कारण सरकारने एकदा मराठीतून छापून सांगावे.

आता प्रतीक्षा यादीकडे येऊ, कारण उमरखेडकरांचे दुखणे तेथे आहे. निवड झालेल्या मुलांपैकी कोणी येत नाही, कोणाचे कागद पुरत नाहीत, कोणी दुसऱ्या शाळेत जातो. त्या रिकाम्या जागा पुढच्या मुलांस देतात. येथवर ठीक आहे. निवडलेल्यांस कळविण्याची रीत माहितीपत्रकात दिलेली असते: निकाल विद्यालयात, जिल्हा शिक्षणाधिकारी व जिल्हाधिकारी यांच्या कचेऱ्यांत लावावयाचा, मुख्याध्यापकांनी मोबाइलावर संदेश व मागाहून स्पीड पोस्टाने पत्र पाठवावयाचे. पण ज्याचे नाव मागे आहे, त्याच्या बापास आम्ही विचारतो तेव्हा क्रमांक सांगता येणारा दहांत एक निघत नाही. मुलींची यादी निराळी, अनुसूचित जमातीची निराळी, इतर मागासवर्गाची निराळी, ग्रामीण निराळी. ज्या प्रवर्गात जागा रिकामी होते त्यातलाच पुढचा क्रमांक लागतो. हे न कळल्यामुळे गावात बोलणे उठते की, अमक्याचा नंबर मागे असून लागला, म्हणजे पैसे चारले असतील. कित्येक वेळा पैसे कोणी चारलेले नसतात, प्रवर्ग निराळा असतो. पण अंधारात ठेवलेल्या माणसाने संशय घेतला, तर दोष त्याचा म्हणावा काय? आणि या संशयाने कुणब्याचे व बंजाऱ्याचे, माळ्याचे व कोलामाचे मन एकमेकांविरुद्ध कलुषित होते, हे नुकसान एका जागेहून मोठे आहे.

त्यातून वेळ पाहा. यादी पुढे सरकते ती बहुधा उन्हाळा संपून पावसाळा लागतो त्या सांध्यावर. बाप वावरात, आई वावरात, फोन घरी खुंटीला किंवा रेंज नसलेल्या शिवारात. नोकरदाराच्या घरी तो फोन पहिल्या घंटीस उचलला जातो, आणि दुसऱ्या दिवशी मोटार शाळेच्या फाटकाशी उभी असते. नियम दोघांस एकच आहे, असे म्हणतील. उमरखेडहून यवतमाळच शंभरांवर किलोमीटर आहे, बेलोरा त्यापुढे. आणि ज्याचा दिवस बुडाला त्याची मजुरीही बुडाली. एकच नियम दोन माणसांस सारखाच पडतो, हे आमच्या तरी अनुभवास कधी आलेले नाही.

इंग्लंडचे उदाहरण देतो. तेथील सगळेच चांगले असे आम्ही मानत नाही, पण एवढी गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे आजही १६३ सरकारी ग्रामर शाळा अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुले निवडतात. पण कोणत्याही सरकारी शाळेने मूल नाकारले, तर कारण लेखी द्यावे लागते, अपील कोठे व किती दिवसांत करावयाचे तेही त्याच पत्रात कळवावे लागते. अपील ऐकतात ते शाळेचे लोक नसतात. निदान तीन जणांचे स्वतंत्र मंडळ असते, त्यात शिक्षणातला जाणकार असतो तसा शिक्षणाशी संबंध नसलेला साधा नागरिकही असतो. आईबाप समोर बसून बोलतात. मंडळाने मूल घ्या म्हटले की शाळेस घ्यावे लागते. आणि प्रतीक्षा यादीचा क्रम आधी जाहीर केलेल्या कसोट्यांनीच लावावा लागतो; कोण किती दिवस थांबला, कोणाची ओळख किती, यास तेथे स्थान नाही. २०२१ च्या त्यांच्या प्रवेश संहितेप्रमाणे ती यादी त्या शाळावर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत तरी चालू ठेवावी लागते.

यावर एक आक्षेप खरा आहे, तो आम्हीच मांडतो. अपिलाची सोय झाली की ती प्रथम वापरतो तो लिहिता-बोलता येणारा. वकिलाचा मुलगा अपील करील, कोलामाचा करणार नाही. मग अपिलाने पुन्हा वरच्यांचेच भले झाले. ही भीती पोकळ नाही. पण त्यावर उपाय अपील बंद ठेवणे हा नव्हे. दार बंद असले तरी ओळखीचा मनुष्य मागच्या दाराने आत जातोच. बाहेर राहतो तो ज्यास ओळख नाही तोच. उपाय एवढाच की, अपील एका पानाचे असावे, मराठीत असावे, पंचायत समितीत देता यावे, त्यास पैसा लागू नये आणि त्याचे उत्तर पेरणीच्या एका पंधरवड्यात यावे.

आता आम्ही ज्या गोष्टीवर जोर देऊ इच्छितो ती सांगतो. शाळेच्या दारात अपील नाही, हे खरे. पण आमची बहुतेक मुले शाळेच्या दारात नव्हे, तहसिलीच्या खिडकीत हरतात. आणि त्या खिडकीवर अपील आहे. ते मात्र कोणी करीत नाही.

दाखल्याची गोष्ट घ्या. नवोदयात इतर मागासवर्गाच्या जागा केंद्राच्या यादीप्रमाणे मिळतात. आमचे कुणबी, माळी, तेली, सुतार, लोहार, कुंभार, न्हावी हे त्या यादीत आहेत. बंजारा बंधू राज्यात विमुक्त जातीत व धनगर बंधू भटक्या जमातीत मोडतात, पण केंद्राच्या यादीत दोघेही इतर मागासवर्गातच येतात. घरी राज्याचा विमुक्त जातीचा दाखला पेटीत जपून ठेवलेला असतो, आणि शाळेत तो चालत नाही असे ऐकून मनुष्य चक्रावतो. केंद्राचा नमुना निराळा आहे, तो निराळा मागून घ्यावा लागतो. त्यात उन्नत गटात नसल्याचा मजकूर असतो. आठ लाखांची मर्यादा ऐकून कोणी शेतकरी घाबरून मागे फिरू नये. त्या हिशेबात शेतीचे उत्पन्न मिळवीत नाहीत, जमिनीची कसोटी निराळी आहे.

आणि जात सिद्ध कशाने करावयाची? पुराव्याने. इतर मागासवर्गास १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, विमुक्त व भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातीस १० ऑगस्ट १९५० व अनुसूचित जमातीस ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. म्हणजे दहा वर्षांच्या पोराने सहावीत जावे की नाही, हे त्याच्या पणज्याच्या नावापुढे कोणा पटवाऱ्याने किंवा मास्तराने काय खरडले होते त्यावर ठरावयाचे! ज्याचा पणजा शाळेत गेला होता त्यास कागद सापडतो. ज्याच्या पणज्यास शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही, किंवा ज्याचा तांडा त्या सालात बैलांच्या पाठीवर गोण्या लादून हिंडत होता, त्याने कागद कोठून आणावा? न शिकल्याचा दंड चौथ्या पिढीत वसूल होतो आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे तक्रार मांडली होती की, सरकारचा महसूल बव्हंशी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. आज पैसा रयतेच्या पोरासाठी मांडून ठेवला आहे, हे आम्ही नाकारीत नाही. पण तो उचलावयास जो कागद लागतो, तो पुन्हा त्याच जुन्या दप्तरांत दडला आहे.

असो. यावर करता येण्यासारखे काय? महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला किती दिवसांत द्यावयाचा ती मुदत ठरवून दिलेली असते व कचेरीत फलकावर लिहिलेली असावी लागते. अर्जाची पोच क्रमांकासह मिळते. मुदत टळली, किंवा अर्ज फेटाळला, तर त्याच खात्यात पहिले अपील, मग दुसरे, आणि तेथेही भागले नाही तर लोकसेवा हक्क आयोग. फेटाळल्याचे कारण लेखी मागता येते. आमचा मनुष्य हे करीत नाही. तो खिडकीवर "उद्या या" ऐकतो, उद्या जातो, पुन्हा "उद्या या" ऐकतो आणि शेवटी दलालाच्या हातात पाचशेची नोट ठेवतो. ज्यास वावराचा धुरा एक हात सरकला तर दिवाणीपर्यंत जाण्याची हिंमत आहे, त्यास पोराच्या दाखल्यासाठी एक अपील करण्याची हिंमत का नसावी? हे आम्ही रागाने लिहितो, पण आपल्या माणसावर रागावण्याचा आमचा हक्क आहे.

दुसरे हत्यार माहितीचा अधिकार. नवोदय ही केंद्राची संस्था. राज्याच्या कचेरीत चालते ते कोर्ट फीचे तिकीट तेथे कामाचे नाही, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावावी. दारिद्र्यरेषेखालील असाल तर शुल्क नाही, फक्त कार्डाची प्रत. काय मागावे? दुसऱ्यांच्या मुलांची नावे मागू नका, ती नाकारतील. आपल्या मुलाचा प्रवर्ग काय धरला, त्याचा प्रतीक्षेतील क्रमांक किती, त्या प्रवर्गात किती जागा रिकाम्या झाल्या आणि त्या कोणत्या तारखेस कोणत्या क्रमांकापर्यंत भरल्या, एवढे चार प्रश्न पुरेत. उत्तर तीस दिवसांत यावे लागते. न आल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका परीक्षार्थीस या कायद्याने पाहता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात ठरविले आहे. पुढे २०१८ साली लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने त्यास मर्यादा घातली, तेव्हा प्रत मिळेलच असे वचन आम्ही देत नाही. पण मागितल्यावाचून नकारही मिळत नाही, आणि लेखी नकार हासुद्धा एक कागद असतो. मात्र एक अडचण उघड आहे. तीस दिवसांत उत्तर आले, तोवर जागा भरलेली असते. म्हणून हा मार्ग पुढच्या वर्षीच्या मुलांच्या उपयोगाचा अधिक, यंदाच्याच्या कमी.

यंदाच्या मुलासाठी भिंतीवरची यादी पाहिजे. आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रवर्गाची प्रतीक्षा यादी, बैठक क्रमांक व अनुक्रम घालून, निकालाच्याच दिवशी विद्यालयात, सोळाही पंचायत समित्यांत व मूल ज्या शाळेत पाचवीत शिकले त्या शाळेत लागावी. जागा भरली की त्या ओळीवर तारखेसह रेघ ओढावी. प्रतीक्षेतल्या मुलास बोलावताना फोन एकदा न लागला म्हणून त्याचा हक्क संपू नये. त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडून लेखी निरोप जावा, व निरोप पोचल्यापासून दिवस मोजावेत. दाखला नमुन्यात नसेल, पण अर्ज केल्याची पोच हाती असेल, तर जागा थोडे दिवस राखून ठेवावी. विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. प्रवेशाचे नियम त्यांच्या हातचे नाहीत, ते दिल्लीहून येतात, हे आम्ही जाणतो. पण पंचायत समितीच्या भिंतीवर कागद चिकटवावयास दिल्लीची परवानगी लागते असे आम्हांस वाटत नाही. दाखल्याच्या खिडक्या तर त्यांच्याच हाताखाली आहेत. पुण्याच्या विभागीय कार्यालयानेही यावर विचार करावा.

सरकारास सांगितले, आता घरच्यांस. दोन ठिकाणी मुलाचा नंबर लागला आणि एक जागा नको असेल, तर मुकाट्याने घरी बसू नका. त्याच दिवशी नकार लिहून द्या. तुमच्या मौनाखाली दुसऱ्या कोणाचे तरी पोर महिनाभर दबून राहते. आणि मुलींविषयी. निदान एक तृतीयांश जागा मुलींच्या आहेत. आमच्या ऐकण्यात अशी घरे आहेत की, पोरीचा नंबर पहिल्या यादीत लागला, आणि आजी म्हणाली, एवढ्या लांब पोर कशी ठेवावी, बापाने मान खाली घातली, जागा गेली. ती जागा यादीतल्या दुसऱ्या मुलीस मिळाली, म्हणून शाळेचे काही बिघडले नाही. त्या पोरीचे अपील मात्र कोणाकडे करावयाचे? तिच्या बापाकडेच ना? पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले तेव्हा खेड्यातल्या पोराची अडचण अकलेची नसून राहण्या-जेवण्याची आहे, हे त्यांनी ओळखले होते. आता राहण्या-जेवण्याची सोय सरकार करते आहे, तर ती पोरीसाठी नाकारावयाची, यास काय म्हणावे?

उमरखेडकरांचा मुलगा आता गावाशेजारच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत बसतो. मास्तर चांगले आहेत, असे ते म्हणाले; ते ऐकून आम्हांस बरे वाटले, कारण ऐंशी सोडून बाकीची सगळी मुले त्याच शाळांत राहावयाची आहेत. त्यांस आम्ही खरे ते सांगितले, की त्या मुलाची ती जागा आता परत येणे नाही. माहितीच्या अर्जाचे चार प्रश्न लिहून दिले. ते पाठवावे की नाही, हे घरी विचारून ठरवतो म्हणाले.

त्यांची धाकटी मुलगी यंदा चौथीत आहे. तिचे नाव गावच्याच शाळेत ठेवावे, मामाकडे हलवू नये, हे दोनदा बजावले. तिच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज याच महिन्यात करावा, पोच घ्यावी व पोचेवरची तारीख घरच्या कॅलेंडरावर लिहून ठेवावी. केंद्राच्या नमुन्यातला दाखला पाचवीत जाताच मागावा. आज्याचा तो उतारा त्यांनी पुन्हा घडी करून पिशवीत ठेवला. नवोदयाच्या अर्जात फोन नंबर कोणाचा द्यावा, असे त्यांनी जाताना विचारले. आम्ही म्हटले, दोन द्या. एक तुमचा, एक शाळेच्या मास्तरांचा, ते दिवसा वावरात नसतात. मग त्यांची एस. टी. चुकू नये म्हणून आम्ही त्यांस स्टँडापर्यंत पोचवून आलो.